डोळा लहान आहे

नव्वदच्या दशकातला जून. उल्हासनगरच्या एसटीडी बूथवर कौसाबाई सकाळपासून एकच नंबर फिरवत होती. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, मिठागराच्या गोदामात तिचा सुदाम कामाला होता आणि वादळ नेमकं तिकडेच निघालं होतं.

मुंबईच्या हवामान कचेरीत ती सोळा वर्षं झाडू मारत होती. झाडूवालीला कोण शिकवणार? तिनं साहेबांना विचारून विचारून भंडावलं आणि घेतलं शिकून. गरम समुद्राची वाफ वर चढते, तिच्या जागी चहूकडून वारा धावतो, धावता धावता घुमायला लागतो. मधोमध शांत डोळा, भोवती ढगांची भिंत. सगळा जोर त्या भिंतीत. डोळा जेवढा आवळलेला, तेवढं वादळ खुनशी. काल उपग्रहाच्या फोटोत तो तिला टाचणीनं टोचल्यागत दिसला होता.

दुपारी लाइन लागली.

“आई, संपलं गं. ऊन पडलंय. दौलतराव मुकादम ताडपत्र्या बांधायला बोलावतोय, ठेवतो.”

“वारा हळूहळू पडला का एकदम?”

“एकदम. पंखा बंद केल्यागत.”

“सुद्या, बाहेर पाय टाकलास तर तंगडी तोडीन. तू डोळ्यात आहेस. आधी वारा कुठून होता?”

“पूर्वेकडून. म्हणून तर आत समुद्राकडच्या भिंतीला टेकून बसलो होतो सगळे.”

“आता तो उलटा येणार. समुद्राकडून, पाणी घेऊन. पहिली तीच भिंत जाणार. वर पक्का माळा आहे का?”

“आहे. पण तिथं शेठची माणसंच चढणार, असा मुकादमाचा दम आहे.”

“दे त्याला फोन.”

दौलतराव हसला. “बाई, तुम्ही काय सायंटिस्ट का?”

“झाडूवाली आहे. तुझ्या शेठला वाचता येत नाहीत ते नकाशे रोज उचलते. वारा पडून किती वेळ झाला?”

“वीस मिनिटं.”

“डोळा लहान आहे, वारा आत्ता परत येईल. आधी माणसं वर ने, मग माझी लायकी काढ.”

पलीकडून तो हळूच म्हणाला, “समुद्राकडं काळं उभं राहिलंय काहीतरी.” पाठोपाठ त्याची हाक ऐकू आली, “वर चला रे, सगळे वर,” आणि लाइन मेली.

तिसऱ्या दिवशी बूथवाल्यानं तिला बोलावणं धाडलं. सुदामचा फोन होता.

“ती भिंत सपाट झाली, आई. बावीस जण माळ्यावर होतो. मुकादमानं आधीच बाहेर धाडलेले तिघं मात्र गेले.”

कौसाबाईला रडू फुटलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, बूथवाल्याकडून कागद-पेन्सिल घेतली आणि म्हणाली, “तिघांची नावं सांग. गावंही सांग.”