सड्यावरचं गवत

निधी संपला आणि कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, गवताचा आमचा प्रकल्प बंद पडला. निरोपाला संचालकांनी संशोधन अमर असल्याचं सांगून माझ्या खांद्यावर शाल घातली. तिकडे प्रयोगशाळेतल्या कुंड्या उकिरड्यावर रिकाम्या होत होत्या. त्यातली एक मी उचलून घरी आणली. नोकरीतलं तेवढंच उरलं.

आज सकाळी आई बाल्कनीत त्या कुंडीपाशी वाकलेली दिसली. जन्मभर कुंड्यांमधलं गवत उपटत आलेली बाई, त्यामुळे मी धावलो. पाहतो तर तिने गवतात उगवलेलं तुळशीचं रोप मुळासकट काढून हातात धरलं होतं.

"अगं, तुळस आहे ती."

"दिसतंय मला. दुसऱ्या कुंडीत लावते. तुझ्या गवताला दाटी व्हायला नको."

रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय ही चहा घेत नाही. माझ्या कामावर इतका विश्वास कुठल्याही समितीने कधी दाखवला नव्हता, आणि आता ते कामच नव्हतं.

"आज मोजलं नाहीस?" तिने विचारलं.

मी आतून पट्टी आणली आणि मोजलं. माप सांगितलं, तशी ती म्हणाली, "कालच्यापेक्षा वाढलंय की रे."

हे नोंदवून ठेवणारं आता कुणी नाही, हे मी तिला सांगितलं नाही.