खंडेनवमीचा फ्रीजर

शालन जगदाळे फार रागीट आहे, असं तिच्या प्रयोगशाळेत सगळे सांगतात. कशावरून रागावते, ते कोणी सांगत नाही. माणसं साताऱ्याकडची, वडील वाशीच्या बाजारात माथाडी, शालन वाढली कोपरखैरण्यात. आता नावड्याजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती औषधांच्या चाचण्या करते आणि तिथलं एटीपी सांभाळते.

एटीपी म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा पदार्थ. बाटलीतली पूड दिसते पिठीसाखरेसारखी, पण हवेतली ओल ओढून घेते. पाण्यात घातली की द्रावण आम्लधर्मी होतं आणि आम्लात एटीपी टिकत नाही. म्हणून शालन थेंबाथेंबाने अल्कली घालून ते उदासीन करते, छोट्या कुप्यांत भरते आणि उणे वीस अंशांना गोठवते. वितळलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही, हा तिचा नियम.

खंडेनवमीला शालन रजेवर होती. मालक राजवर्धन यांनी यंत्रांची पूजा घातली. फ्रीजरमध्ये बर्फ साचला होता आणि पारोसा फ्रीजर पुजणं त्यांना प्रशस्त वाटेना. फ्रीजर बंद झाला, धुतला गेला, त्याला कुंकू लागलं. कुप्या आणि पुडीची बाटली टेबलावर झेंडूच्या शेजारी बसल्या. मग दसरा, मग शनिवार-रविवार. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा.

सोमवारी शालनने शिपाई धर्मराजला गाठलं.

"दादा, हे बाहेर का?"

"सायबांनीच सांगितला न, म्याडम. मशीनला सुट्टी हाय देवाची. आमी काय करनार?"

राजवर्धन आले. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. परत आत टाका. पाण्यासारखं तर दिसतंय."

"मोडलं तरी तसंच दिसतं, सर. आपण बघतोय, हे औषध एन्झाइमचं काम थांबवतं का. एन्झाइमला काम करायला एटीपी लागतं. तेच कमी पडलं तर काम आपोआप थांबणार, आणि आपण म्हणणार औषधाचा गुण!"

राजवर्धन यांचा चेहरा उजळला. "म्हणजे रिझल्ट चांगलाच येणार की!"

"तुलनेसाठी ठेवलेला बिनऔषधाचा नमुनाही तसाच झोपेल. पकडले जाऊ."

"त्याला मागच्या आठवड्याचा आकडा लावा. रिपोर्ट उद्या द्यायचाय. तुमचं नोकरीचं कन्फर्मेशनही याच महिन्यात आहे ना?"

शालनने कुप्या उचलल्या आणि एकेक उघडून सिंकमध्ये ओतल्या. गठ्ठे झालेली पूड त्यांच्यामागून गेली.

"वेड लागलंय का? कंपनीचा माल आहे!"

"हे औषध कोणाच्या तरी पोटात जायचंय, सर. झेंडू वाहून आजार बरा होणार नाही."

जिच्यासाठी ही चाचणी चालली होती त्या औषध कंपनीला तिने तिथूनच फोन लावला. "रिपोर्ट उद्या मिळणार नाही. आमच्या हलगर्जीपणाने रसायन खराब झालंय. नवीन आणून चाचणी पुन्हा करते." पलीकडच्या बाईंनी मालकांना बोलवा म्हटलं.

राजवर्धननी फोन घेतला, घसा साफ केला. "हो मॅडम. काय आहे, क्वालिटीच्या बाबतीत आम्ही जरा कडकच आहोत."

शालन हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. फोन ठेवल्यावर त्यांनी नव्या बाटलीची ऑर्डर मुकाट्याने स्वतःच टाकली. कन्फर्मेशनचं पत्र अजून आलेलं नाही.