चाखून सांगणारं माणूस

माझी आई मटणाची खानावळ चालवायची आणि स्वतः मटण खात नव्हती. वडील आजारी पडले तेव्हा तिनं जोतिबाला नवस बोलून वशाट, म्हणजे मटण-मासे, सोडलं होतं. वडील तरीही गेले, पण दिलेला शब्द तिनं मोडला नाही. आणि घर चालवायचं तर हुकमी असं तिला एकच येत होतं, मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा करणं. मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिनं चार बाकडी टाकली आणि खानावळ सुरू केली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं, मी शाळेत होते.

न चाखता ती रांधायची कशी? वासावर. मसाला भाजताना पातेल्यावर वाकायची आणि जाळ कधी कमी करायचा ते तिला कळायचं. मिठाचा मात्र तिला भरवसा नसायचा. त्यासाठी एक गिऱ्हाईक ठरलेलं होतं. हुपरीचे एक कारागीर चांदीची पैंजणं घेऊन गुजरीत सराफांकडं यायचे आणि बुधवारी, शुक्रवारी सकाळी अकराला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायचे. पहिली वाटी त्यांची. भुरका मारायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, "वैनी, मीठ टाकताना हात आखडलासा की." किंवा, "आज पांढरा म्हंजे नुसतं पाणी हाय." आई कधी रागावली नाही. पातेल्यात काय हवं ते घालून दुसरी वाटी आणायची. तोंडावर नावं ठेवणारा परत येतो आणि "छान होतं हं" म्हणून हात धुणारा येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी शिकलेली होते.

पुढं दोन हजार साल उलटून काही वर्षं गेल्यावर त्या काकांची नजर अधू झाली आणि त्यांचं गुजरीला येणं थांबलं. आई मला म्हणाली, "आता सकाळी घोटभर तूच चाखून सांगत जा." मी तेव्हा राजारामपुरीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दहाची बॅच असायची. सकाळी सकाळी रस्सा प्यायचा म्हणजे अंगाला मसाल्याचा वास येणार, तोही मला नको होता. मी म्हटलं, "एकटी मी कशाला सांगू? शंभर माणसं सांगतील अशी सोय करते."

तेव्हा सगळे नव्या मैत्रीच्या वेबसाइटवर पडीक असत. एकमेकांच्या पानावर निरोपांचे स्क्रॅप टाकत, कशाचेही ग्रुप काढत. मी आमच्या खानावळीचा ग्रुप काढला. वाट्यांचा फोटो टाकला आणि भिंतीवर कागद लावला, 'जेवण कसं वाटलं ते ग्रुपवर लिहा.' पुण्यात, बंगळुरात नोकरीला गेलेली पोरं भराभर आत आली. तोंडाला पाणी सुटलं, गावची आठवण आली, असं लिहू लागली. क्लासच्या प्रिंटरवर मी ते छापायची आणि दुपारी आईला वाचून दाखवायची. ती पदरानं हात पुसून ऐकत बसायची. मग विचारायची, "आणि मिठाचं कोण काय म्हणतंय?"

म्हणत होते की. फोटो बघून लिहिणारे लांबचे होते. जेवून गेलेले लिहीत होते, रस्सा खारट, मसाला करपलेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं. उभ्या जगासमोर माझ्या आईच्या हाताला नावं ठेवणारे हे कोण टिकोजीराव? ग्रुप माझा, पुसून टाकायची सोयही माझ्याच हातात. मी पुसलं. पुढचंही पुसलं. मग मला ती सवयच लागली. आईला मी सांगायची, "मीठ अगदी बेताचं म्हणतात." संध्याकाळी उरलेला रस्सा मीच भातावर घ्यायची. मला खारट लागत होता. मी लिंबू पिळून जेवायची आणि गप्प बसायची. दिवसभर राबलेल्या बाईला कशाला दुखवा, अशी मी माझी समजूत काढली होती. बाकडी हळूहळू रिकामी राहायला लागली तेव्हा आई म्हणायची, "हाटेलं वाढल्यात गावात." मीही मान हलवायची.

एका रविवारी, सुट्टीला गावी आला की जेवून जाणारा पुण्याचा एक मुलगा मित्रांना घेऊन आला. मी तिथंच पाणी देत होते. जेवून उठताना तो आईला म्हणाला, "काकू, मीठ जास्त होतंय म्हणून मी तीनदा लिहिलं ग्रुपवर. तुम्ही दर वेळी पुसून टाकता."

"मी?" आई म्हणाली. "मला त्यातलं कळत न्हाय, बाबा."

मग तिनं माझ्याकडं बघितलं. ती मंडळी गेल्यावर तिनं जपून ठेवलेले सगळे कागद काढून माझ्यापुढं ठेवले. "ह्यात त्याचं कुठं हाय?" मी म्हटलं, नाही. "पुसल्यालं परत दिसत न्हाय?" मी पुन्हा म्हटलं, नाही. तिनं कागद तिथंच सोडले आणि बाकडी पुसायला घेतली. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी रस्सा केला, डबा भरला आणि हुपरीची एसटी धरली. मी न विचारताच बरोबर गेले. काका घरातल्या भट्टीजवळ बसले होते. नजर जवळजवळ गेली होती, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "वैनी, खारट झालाय. मसालाबी करपलाय. तुमास्नी वास येत न्हाय व्हय?"

आईनं वाटी उचलून नाकाशी धरली. मग म्हणाली, "दिवाळीपास्नं उदबत्तीचाबी येत न्हाय. मला वाटलं, उदबत्तीच भेसळीची हाय." आणि मग ती रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं परक्याच्या घरी रडताना पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभी होते आणि मला जवळ जायचं धाडस झालं नाही.

डॉक्टरांनी नाक तपासलं. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, आता या वयात वास परत यायचा नाही आणि चवही धड लागायची नाही, म्हणाले. ते ऐकताना मी मनातल्या मनात महिने मोजले. सगळे महिने ग्रुपवर लिहिलेले होते, आणि मीच ते पुसले होते. त्या महिन्यातच आईनं बाकडी विकली. मी ग्रुप बंद केला. बंद का केला, म्हणून विचारणारं त्यावर कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकत्र राहिलो. ती माझ्याशी वाईट वागली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा हौसेनं नाचली, मी माहेरी आले की गरम भाकरी वाढायची. फक्त जेवायच्या आधी ती आमटीची वाटी घेऊन मागच्या दाराला जायची आणि शेजारच्या मावशींना हाक मारायची. "जरा चाखून सांगा की, मीठ बराबर हाय का." मी तिथंच ताटावर बसलेली असायची.