बॅटरीला कुंकू कुठे लावायचं?

मी पसंत केलेली बॅटरी गच्चीवरून तीन वेळा खाली पडली, पाण्याच्या पिंपात रात्रभर बुडून राहिली आणि एक आख्खी दुपार फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी पडून होती. तिला काहीही झालं नाही. पुढे तिला जे झालं, ते मी केलं.

(मुलांनो, बॅटरी म्हणजे तुमची टॉर्च. आपल्याकडे लातुरात टॉर्चला बॅटरीच म्हणतात. तिच्या आत काय असतं, हे ती बंद पडेपर्यंत कुणी विचारत नाही.)

शिरूर अनंतपाळकडचं आपलं शेत तुम्हाला आठवत असेल. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ मन्मथ आजोबा ते शेत बघतात. शेतातल्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा मिळते आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीचा आठवडा आला की साठी उलटलेला हा माणूस हरभऱ्यात तुषार सिंचनाचे पाइप बदलत फिरतो. डाव्या हातात पाइप, उजव्या हातात पाइप आणि दातांत मोबाइल. मागच्या हिवाळ्यात त्या मोबाइलच्या उजेडात त्यांना एक जाड दोरी दिसली. चांगली दोरी वाया जाऊ नये म्हणून ते ती उचलायला वाकले. दोरी फुसफुसली. घोणस होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जावेचा, कमलचा फोन आला.

"अक्का, तुमच्या दिराला सांगा. चांगली बॅटरी आल्याबगर मी ह्यांना रातच्याला एकटं शेतात जाऊ देत न्हाई. हरभरा वाळला तर वाळू द्या!"

"हरभरा वाळला तर खाशील काय?" मागून मन्मथ आजोबा ओरडले.

"तुम्ही गेल्यावर पोटभर खाण्यापरीस उपाशी बरी!"

मी शांतपणे म्हणाले, "भांडू नका. बॅटरी मी घेते. गावातल्या दुकानातून काहीतरी उचलून आणू नका. टिकाऊ, भरपूर उजेडाची आणि वाजवी किमतीची हवी. नीट अभ्यास करून घेते."

"वैनी, अभ्यास करा, पण लवकर करा," मन्मथ आजोबा म्हणाले. "पाय माझे हाईत."

तर असे माझ्या दिराचे दोन पाय माझ्या जबाबदारीवर आले. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे पहिलं काम केलं ते म्हणजे दोनशे पानी वही आणली. पट्टीने रकाने आखले. उजेड, पल्ला, वजन, सेलचा प्रकार, चार्ज व्हायला लागणारा वेळ, पाण्यात टिकते का, पडल्यावर टिकते का आणि शेवटी किंमत. पंधरा दिवसांत सहा बॅटऱ्यांची माहिती भरून झाली. सहापैकी चौथी उत्तम होती. मी ती घ्यायला बाजारात गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, पुढच्या महिन्यात याच किमतीत दुप्पट उजेडाची येणार हाय."

आता दुप्पट उजेड येणार आहे हे कळल्यावर निम्मा उजेड कोण घेईल? मी घरी आले आणि एक रकाना वाढवला.

पुढच्या महिन्यात दुप्पट उजेडाची आली. तिचा चार्जर मात्र जुन्या पद्धतीचा होता. नव्या चार्जरची यायला दिवाळी उजाडणार होती. मी थांबले. मग कळलं की आणखी एक येते आहे, तिच्यात सेल किती उरला आहे ते आकड्यात दिसतं. त्यासाठीही थांबले. तोवर शेतात रात्रपाळी अशी चालली होती: पुढे कमल काठी आपटत, मागे मन्मथ आजोबा पाइप घेऊन, आणि दर दहा पावलांवर एकमेकांना दोष देत. (सापांनी तेवढ्यावरच शेत सोडलं असावं, असं माझं मत आहे. पण वहीत त्यासाठी रकाना नव्हता.)

तुमचे आजोबा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "अजून दोन वर्षं थांब. तोवर चंद्रच विकायला येईल. तोच घेऊन टाक."

"एकदाच घ्यायची आहे. विचार करून घेतलेली बरी."

"मन्मथला आयुष्यही एकदाच मिळालंय गं."

हे मला लागलं. दुसऱ्याच दिवशी मी बॅटरी घेऊन आले. वही तेव्हा एकशे बाराव्या पानावर होती.

आता चाचण्या. कंपनी सांगते ते खरं धरायचं, तर मग वही कशाला? पहिली चाचणी गच्चीवरून पाडण्याची. दोनदा ती खाली फरशीवर पडली आणि चालूच राहिली. तिसऱ्यांदा वाऱ्याने दिशा बदलली आणि ती खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या उन्हात घातलेल्या गव्हात जाऊन रुतली.

"अहो बाई, वरून काय टाकताय?"

"चाचणी घेतेय!"

"कुणाची? माझी?"

नंतर पाण्याची चाचणी झाली. माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी ते आजोबांना मोठ्याने वाचून, मराठीत अर्थ सांगून समजावलं. "ऐका. मागच्या छिद्रावरचं रबरी झाकण बंद असेल तरच आत पाणी जात नाही. झाकण उघडं ठेवलं तर आपली जबाबदारी." मी त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारली. मग आणखी एक मारली. बॅटरी पिंपातून सकाळी जशीच्या तशी निघाली.

शेवटची चाचणी किती तास चालते याची. कंपनी म्हणत होती बारा. आम्ही शेताकडे निघणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला मी ती कपाटात पेटवून ठेवली आणि दर तासाला उघडून नोंद केली. संध्याकाळी सहाला ती विझली. नऊ तास! कंपनीला खोटं पाडल्याचा मला इतका आनंद झाला, की बॅटरी आता रिकामी आहे ही गोष्ट मागे पडली. आजोबांनी आठवण करून दिली तेव्हा मी म्हणाले, "गावात वीज आहे ना? तिथे चार्ज करू."

दुसऱ्या दिवशी येळवस होती. तुम्ही कॅलेंडरमध्ये वेळ अमावस्या असं शोधाल तर सापडेल. त्या दिवशी लातुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळा जिल्हा शेतात असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडवांचे पाच दगड चुना लावून मांडायचे, पूजा करायची आणि मग डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली मडकंभर आंबील खायची, पोटात जागा असेपर्यंत आणि नसली तरी. आम्ही आजोबांच्या जुन्या गाडीतून अकराला पोचलो. मी पिशवीतून बॅटरी काढली आणि मन्मथ आजोबांच्या हातात दिली.

त्यांनी ती तळहातावर तोलली. "वैनी, वजनदार हाय की! आता घोणस दिसली तर उजेड पाडायची गरजच न्हाई, हीच टाकतो तिच्यावर."

"पडली तरी फुटत नाही," मी म्हणाले. "तीनदा बघितलंय."

"आज रातच्यापासून पाळी हाय. हरभऱ्याचे घाटे भराय लागलेत. बरोबर वेळेवर आणली बघा."

कमलने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "आधी पूजा. नवी वस्तू बिनकुंकवाची वापरत्यात व्हय?"

बॅटरी कोपीत पांडवांपुढे विळ्या-खुरप्यांच्या रांगेत जाऊन बसली. कमलने कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि ते हवेतच थांबवलं.

"अक्का, हिला कुठं लावायचं?"

"काचंवर लाव," मन्मथ आजोबा म्हणाले.

"काचेवर अजिबात नको!" मी मध्ये पडले. "उजेड कमी होईल. एवढा अभ्यास करून घेतलाय तो लाल उजेड पाडायला?"

"मग बटणावर?"

"बटण निसरडं होईल."

"मग अंगावर लावू का कुठंबी?"

हे मला पटेना. पूजा करायची तर तिच्यातही काही शिस्त हवी. मी विचार केला. आपल्या घरात पिठाच्या चक्कीला कुंकू लावतात ते दाणे ओततो तिथे. फवारणीच्या पंपाला लावतात ते औषध ओततो तिथे. पेरणीच्या वेळी चाड्याला लावतात, जिथून बी जातं. म्हणजे नियम अगदी स्पष्ट आहे: वस्तूला जिथून खाऊ घालतो, तिथे कुंकू.

"ही जेवते कुठून?" मी विचारलं.

"मागनं," मन्मथ आजोबा म्हणाले. "चार्जर घालायच्या छिद्रातनं."

"मग तिथेच!"

सगळ्यांना ते इतकं पटलं! कमल म्हणाली, "शिकलेल्या माणसाचं डोकंच येगळं असतंय." मी खूश झाले. आणि मुलांनो, मग मी नखाने ते रबरी झाकण उघडलं. अनामिकेने ओलं कुंकू छिद्राला लावलं. छिद्र एवढंसं, बोट जाड, त्यामुळे ते काठावरच राहिलं. ओबडधोबड काम मला चालत नाही. मी आगकाडीच्या टोकाने कुंकू व्यवस्थित आत सरकवलं. चारही कोपरे भरले. आणि पुसलं जाऊ नये म्हणून झाकण उघडंच ठेवलं.

मग मन्मथ आजोबांनी रिवाजाप्रमाणे आंबील शिंपडली. पिकावर, बांधावर, कोपीवर आणि अवजारांवर. बॅटरीवर जरा जास्तच शिंपडली, कारण ती पाहुणी होती.

तुमचे आजोबा हे सगळं भज्जीचं ताट घेऊन बघत होते. नंतर मी त्यांना विचारलं, की तुम्ही काही बोलला का नाही? ते म्हणाले, "तू इतकी खात्रीने करत होतीस, मला वाटलं पत्रकात लिहिलंय."

संध्याकाळी गावातल्या घरी येऊन बॅटरी चार्जरला लावली. आकडा उमटेना. वायर फिरवली. चार्जर बदलला. मन्मथ आजोबांनी ती थोपटली, कमलने फुंकर मारली, मी माहितीपत्रक उलटंसुलटं चाळलं. कुंकवाबद्दल कंपनीने एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

"आता?" मन्मथ आजोबा म्हणाले. "दहाला लाइट येतीया."

"आता काय! घरात बसा," कमल म्हणाली आणि त्यांच्या चपला उचलून धान्याच्या कोठीवर ठेवल्या.

मला वाईट वाटलं. एक वर्ष थांबवून मी या माणसाला काय दिलं होतं, तर कुंकू लावलेला लोखंडाचा दांडा. मी उपाय काढला. "गाडी बांधावर न्या. पुढचे दिवे हरभऱ्यावर सोडा. भाऊजींना दिवसासारखं दिसेल."

तसं केलं आणि खरोखरच झकास दिसलं. आजोबा गाडीत बसले, मन्मथ आजोबा उजेडात पाइप बदलत राहिले, साप सोडा, मुंगीसुद्धा लपली नसती. फक्त इंजीन उगाच चालू होतं. पेट्रोलची ही नासाडी मला बघवेना. मी म्हणाले, "दिव्यांना इंजीन कशाला लागतं? बंद करा."

दोन तासांनी दिवे पिवळे झाले, मग तांबूस, मग गेले. आजोबांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि तिने मान टाकली. मन्मथ आजोबा शेताच्या मधोमध पाइप धरून उभे होते. तिथून आवाज आला, "वैनी, आता आणखी काय बंद करायचं राहिलंय का?"

कमल काठी आपटत आत गेली आणि त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. निम्म्या हरभऱ्याला पाणी मिळालं.

सकाळी गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी ओढून आणली. आजोबा तिच्या शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसले, आणि कमल व मी जीपमध्ये चौदा माणसांच्यात बसून शिरूरला गेलो. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदार माझ्या मुलाच्या वयाचा, डोळ्यावर भिंग लावलेला. मी पदर डोक्यावरून घेतला होता; जीपमधली सगळी धूळ त्यावर होती. त्याने छिद्रात डोकावून बघितलं.

"हे कुंकू हाय का?"

"हाय," कमल म्हणाली.

"अन् हे पांढरं?"

"आंबील."

त्याने भिंग वर केलं. "मोबाइलात चहा बघितला, भंडारा बघितला, एकानं तर डाळीचं वरण आणलं होतं. आंबील पहिल्यांदाच बघायलोय."

त्याने स्पिरिट टाकलं, बारक्या ब्रशने घासलं, टाचणीने कोरलं. रुमालावर लाल चिखल जमत गेला. मी घातलेलं कुंकू मोजकं होतं असं मला वाटत होतं. तेवढ्यात पाच सवाष्णींची सोय झाली असती. शेवटी त्याने चार्जर लावला आणि आकडा उमटला. एक. मग दोन. कमलने जागच्या जागी फोन लावला.

"अवं, लागली! खरंच लागली! रातच्याला जावा, चपला कोठीवर हाईत!"

माझ्या दिराचे पाय वाचले होते, राहिलेला हरभराही वाचणार होता. दुकानदाराने रबरी झाकण अंगठ्याने घट्ट दाबलं आणि माझ्याकडे फार समजुतीने बघितलं.

"आज्जी, राग मानू नका. हे झाकण उघडायचं न्हाई. इथं बाजूला लिहिलंय बघा. पण इंग्रजीत हाय, तुम्हाला कसं कळावं! घरात कुणी इंग्रजी शिकलेलं न्हाई का, एवढं वाचून दाखवायला?"

कमल माझ्याकडे बघायला लागली. तिच्या पदराआडून काहीतरी आवाज येत होता.

"आहेत की," मी म्हणाले. "नातवंडं आहेत. पण ती सगळी परदेशात असतात."