बिनमिठाचं पातेलं, मुक्काम वोल्फ्सबुर्ग

वोल्फ्सबुर्गच्या स्टेशनावर उतरलं की कालव्यापलीकडे मोटारींच्या कारखान्याची चार धुराडी दिसतात. आमच्या साखर कारखान्याची धुराडी त्यांच्यापुढे उदबत्त्या. हे मी मोठ्यानं बोललो, पण हिचं लक्ष नव्हतं. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी रक्तदाबापायी हिचं मीठ तोडलं होतं, आणि हिनं मिठाबरोबर जेवणच सोडल्यात जमा होतं.

लेकीच्या घरी तीन आठवडे तेच. मुक्ता बिनमिठाची आमटी करी, ही दोन घास घेई आणि ताट सरकवी. बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जाऊ लागल्या. (कोल्हापुरात मी खांद्यापर्यंत सांगतो.) शेवटी मुक्तानं मला बाल्कनीत गाठलं. "आल्झो (तिकडचं 'तर मग') बाबा, या रविवारपर्यंत आई जेवली नाही, तर मी तुमची तिकिटं अलीकडची करते. इथं ती आडवी झाली तर मला झेपणार नाही." महिनाभराचा मुक्काम शिल्लक होता. मी मान हलवली, आणि त्या दिवशी माझंही जेवण गेलं नाही.

खालच्या मजल्यावर डेलरॉय राहतो. मूळचा जमैकाचा, मुक्ताच्याच कारखान्यात कामाला, आणि रास्ताफारी पंथाचा. जटा अशा की नाशिकच्या घाटावर उभा केला तर तासाभरात त्याच्यापुढे नारळांचा ढीग लागेल. मुक्तानं जिन्यात त्याला आमचं रडगाणं ऐकवलं. त्याला नवल वाटलं ते आमचं. त्याच्या घरात मीठ कधी आलेलंच नाही. ते लोक 'आयटल' (मांस-मीठ वगळून, मातीतून येईल तसं साधं) खातात. रविवारी मी सूप करतो, म्हणाला.

शनिवारी तो मला खरेदीला ट्रेननं ब्राउनश्वाइगच्या आफ्रिकी दुकानात घेऊन गेला. लाल भोपळा, हिरवी केळी, नारळाचं दूध, थाइम (ओव्याच्या चुलत घराण्यातली पानं), इवल्या भोपळ्यासारख्या पिवळ्या मिरच्या, आणि याम, म्हणजे सुरणाचा थोरला भाऊ. परतीला तो याम माझ्या मांडीवर होता. तिकीट तपासणारी बाई त्याचंही तिकीट मागते की काय, असं त्याच्याकडे बघत होती.

रविवारी मुक्ताच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलं. डेलरॉय कणकेच्या लांबट गोळ्या तळहातांवर वळून सुपात सोडत होता. ही खुर्चीतून बघत होती. थोड्या वेळानं तिला राहवेना. "मुक्ता, सांग त्याला, एवढ्या जाड आतून कच्च्या राहतील," म्हणत ती उठली आणि कणीक स्वतःकडे ओढली. त्यानं मुकाट्यानं दिली.

मग त्यानं एक मिरची देठासकट अख्खी वर सोडली. मला बजावलं, हळू ढवळ, मिरचीला धक्का लावू नकोस. तिचा नुसता वास उतरायला हवा. आणि खाली वाडगे आणायला गेला.

आता कोल्हापूरच्या माणसापुढे अख्खी मिरची तरंगतेय! आमच्यात आमटीत मिरची दिसली की पळीच्या पाठीनं कडेला चेपायची, हाताला वळणच तसं. चेपली. फुटली. मुक्ता खोकत बाल्कनीत पळाली. छतावरचा रौखमेल्डर (धूर झाला की बोंबलणारा डबा) वाजला नाही. बहुधा त्याचाही घसा बसला होता.

डेलरॉय आला, त्यानं पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे. मिरचीची सालं काढून नारळाच्या दुधाचे आणखी दोन डबे ओतले आणि काहीतरी पुटपुटला. मुक्ता म्हणाली, "बाबा, तो म्हणतोय, हे जमैकात कुणाला सांगू नका."

हिनं पहिला चमचा घेतला. डोळ्यांतून धारा, नाक लाल. मी मनातल्या मनात बॅगा भरल्या. हिनं पदरानं नाक पुसलं आणि वाडगा पुढे केला.

"अहो, आणखी एक डाव वाढा."

मुक्तानं उगाचच सिंककडे जाऊन नळ सोडला. तिकिटांचा विषय निघाला नाही. महिनाभर दर रविवारी तेच सूप झालं, मिरची चेपायचं काम माझ्याकडेच.

आता कोल्हापुरात सुरण आणि ओव्याची पानं घालून तेच पातेलं चढतं. आल्यागेल्याला मी सांगतो, हिच्या जिभेचा तीन आठवडे अभ्यास करून मी ती मिरची मुद्दाम फोडली. परवा ही आतून म्हणाली, "मग डेलरॉय आल्यावर पळी पाठीमागे का लपवली होती?"

पाहुणे हसले. आत वाडग्यावर चमचा वाजत होता. बांगड्या मात्र वाजत नव्हत्या, त्या आता मनगटावर घट्ट बसल्यात.