आक्काच्या लॅपटॉपमधली फितुरी

कागलात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. शेजारची आक्का म्हणजे गल्लीतली एक नंबरची तोंडाळ बाई. चार म्हशी संभाळते, आणि पोरगा राजवीर पुण्याला जाताना देऊन गेलेल्या जुन्या लॅपटॉपवर पेंडीचा भाव बघते. स्क्रीनवर कुणीबी काय विचारलं की 'हो' दाबते. वर म्हणते, "एवढं अजीजीनं विचारत्यात, न्हाय कसं म्हणायचं?"

दिवाळीपासनं मात्र ती सख्ख्या लेकीशी, संयोगिताशी, बोलत न्हवती. घर लेकीच्या नावावर करायचं आक्कानं ठरवलं. ते फक्त दोघींनाच ठाऊक, आणि आठवड्यात राजवीर येऊन थयथयाट करून गेला. मग फोडलं कुणी? लेकीनंच! आक्कानं तिचं तोंड बघायचं सोडलं.

परवा लॅपटॉप माझ्या टेबलावर आदळला. "सम्राट, ह्यात भूत शिरलंय बघ."

ब्राउझर उघडला की 'प्रोफाइल बिघडलंय' म्हणायचा आणि मिटायचा. कसाबसा उघडून आत बघतो तर एक्स्टेन्शनची, म्हंजे ब्राउझरला चिकटणाऱ्या जादा प्रोग्रॅमची, नुसती जत्रा! जाहिराती अडवणारी तीन, आणि तीच जाहिराती दाखवतायत.

"आक्का, ही काय धर्मशाळा हाय व्हय?" मी झापलं आणि सगळी काढून टाकली. चहा संपेस्तोवर परत हजर! पुन्हा काढली, पुन्हा आली. माझं टाळकंच फिरलं. मग कोपऱ्यातल्या फोटोकडं लक्ष गेलं. राजवीर!

गड्यानं लॅपटॉप देताना आपलं खातं बंदच केलं न्हवतं. त्याच खात्यातनं त्याच्या पुण्यातल्या कॉम्प्युटरवरचं सगळं परत इथं येत होतं.

"मग हितलं बी तिकडं जातंय?" आक्कानं विचारलं.

"सगळं. तू काय शोधलंस, तेबी."

मी जुनी यादी उघडली. दिवाळीच्या आधी आक्कानं शोधलेलं होतं, 'घर मुलीच्या नावावर कसे करावे'. मी वाचून दाखवलं.

आक्कानं कपाळ बडवलं. "आई आई गं! म्हंजे मीच सांगितलं व्हय रं त्याला? भाऊबीजेला आल्ती पोर. उपाशी धाडली मी तिला. लाव, फोन लाव!"

मी माझ्या फोनवरनं लावला आणि स्पीकर चालू केला.

"संयोगिता, मी..." आक्का फोनवर वाकली.

"आई? काय झालं? बरी हाईस न्हवं? थांब, मी निघालेच."

"ये गं," एवढंच आक्का बोलली, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांसमोर पदर तोंडात कोंबून रडायला लागली.