गुलाबी रेडिएटर

सिएनफुएगोस गावात जितक्या जुन्या गाड्या, तितके त्यांचे डॉक्टर. पण इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर उघडायची वेळ आली की सगळे नेरेइदाच्या शेडकडे बोट दाखवून मोकळे होतात. त्यांना आतली घाण बघवत नाही. नेरेइदाला तरी कुठे बघवते? नवऱ्याच्या माघारी त्याचा डाख वितळवायचा बर्नर तिने हातात घेतला, त्या दिवसापासून तिला रोज किळस येते आणि रोज ती काम करते.

ओस्निएलच्या उघड्या टपाच्या टॅक्सीचा रेडिएटर आला. डाख वितळवून तिने वरची टाकी उचलली आणि नाकाला फडकं लावून मागे सरली. आत राखाडी लगदा बुडबुडत होता.

“काय ओतलंयस रे यात?”

“काही नाही, मावशी. गळत होता, म्हणून भोक बुजवायला एक अंडं.”

“एक?”

“दोन-तीन. आणि जरा मिरपूड. ती तर सगळेच टाकतात.”

“आणि हे धागे कसले?”

“हिरवं केळं,” ओस्निएल खाली बघत म्हणाला. “किसून. आमचे वडील टाकायचे.”

“शी! माणसांना अंडी मिळत नाहीत आणि हा गाडीला आम्लेट चारतोय!”

दुसऱ्या कुणाला तिने रेडिएटरसकट हाकललं असतं. पण शनिवारी तिची नात मैदेलिस पंधरा वर्षांची होणार होती. पंधराव्या वाढदिवसाला पोरगी घेरदार झगा घालून उघड्या गाडीतून गावभर मिरवते. त्या दिवसाचे फोटो जन्मभर भिंतीवर राहतात. मैदेलिसला हीच गाडी मिळाली होती. जुलैच्या उन्हात भर रस्त्यात ती उकळली, तर गाव ओस्निएलला हसणार नव्हतं. रेडिएटरवालीच्या नातीची गाडी उकळली, असंच म्हणणार होतं.

म्हणून श्वास रोखून तिने एकेका नळीत तार घातली. दुसऱ्या टोकाने लगदा अळ्यांसारखा बाहेर पडत गेला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मग धुणं झालं, डाख लावून झाला, पाण्याच्या टबात बुडवून हवा भरून झाली. एक बुडबुडा आला नाही. शेवटी काळ्या रंगाचा फवारा, तोही इतका विरळ की खालचं तांबं डोकावावं. “जाड रंग दिला म्हणजे जुलैत गोधडी पांघरली,” ती ओस्निएलला म्हणाली. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात ओस्निएलचा हात कुणी धरत नाही.

शुक्रवारी दुपारी सहज म्हणून तिने गाडीचं बॉनेट उघडलं. रेडिएटर गुलाबी! दरवाज्यांना देतात तो ऑइलपेंट, ब्रशने फासलेला. जाळीच्या फटी बुजलेल्या, खाली ओघळ लोंबतायत.

“माझ्याकडे बघू नकोस, मावशी,” ओस्निएल आधीच गाडीच्या पलीकडे पोचला होता. “हिने सांगितलं.”

मागच्या सीटवरून मैदेलिस उतरली. “बॉनेट उघडून फोटो काढायचाय, आजी. काळं फोटोत दिसतच नाही. तुझं काम दिसायला नको?”

नेरेइदाच्या जिभेवर पाच-सहा शिव्या तयार होत्या. त्या गिळताना तिला केळ्याचा लगदा बरा वाटला.

“खाली काढ तो,” ती ओस्निएलला म्हणाली. “आणि पेट्रोल आण.”

“पेट्रोल? अगं, त्यात माझा दिवसाचा धंदा होतो!”

“अंडी परवडली ना?”

रंग ओलाच होता, तेवढं नशीब. पेट्रोल आणि ब्रश घेऊन ती एकेक फट मोकळी करत बसली. कोपरापर्यंत हात गुलाबी, वासाने डोकं भणभणलेलं. जाळी वाळल्यावर पुन्हा काळा विरळ फवारा दिला. मैदेलिस कोपऱ्यात गुलाबी रंगाच्या डब्याचं झाकण लावत होती.

नेरेइदाने तिच्याकडे पाहिलं, आणि तो गुलाबी डबा ओढून घेतला. वारा खेळावा लागतो तो जाळीतून. वरच्या टाकीला कुठलाही रंग दिला तरी फारसं बिघडत नाही. चघळून थुंकलेल्या च्युइंगमसारखा तो रंग. तरी टाकीवर तिने त्याचा एक हात दिला. पहिला हात डागाळ दिसला, म्हणून नाक मुरडत दुसरा दिला.

शनिवारी गाडी हॉर्न बडवत गावभर फिरली, समुद्राकाठच्या रस्त्याने दोनदा गेली आणि वाफेची रेघसुद्धा निघाली नाही. मग बॉनेट उघडलं. मैदेलिस झगा सावरत पुढे उभी राहिली आणि तिने आजीलाही ओढून घेतलं.

“अरे देवा,” फोटोवाला म्हणाला, “हा भयाण गुलाबी रंग कुणी फासला?”

“मी,” नेरेइदा म्हणाली. “तू फोटो काढ.”